मानेत पॅच बसवलाय? मग ऑपरेशननंतरच्या वर्षांत काय काय बघायचं

मामाच्या मानेवर डाव्या बाजूला कानाच्या पाळीखालून गळ्याकडे तिरकी उतरत गेलेली एक रेघ आहे, कॅरोटिडच्या, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीच्या, ऑपरेशनची. ऑपरेशनला पाच वर्षं होऊन गेली होती, मामा रोज सकाळी फिरायला जायचा, लग्नात पहिल्या पंगतीला बसायचा, आणि खरं सांगायचं तर घरात कुणाच्याच डोक्यात ते ऑपरेशन राहिलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात त्या रेघेच्या खालच्या टोकाला एक पुळी आली. उन्हाळा आहे, येतात पुळ्या, म्हणून सोडून दिली. फुटली, जरासं पाण्यासारखं आलं, सुकली. पंधरा दिवसांनी परत तिथेच. ओळखीच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, बसली, परत आली, असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ज्या दवाखान्यात गेलो तिथले डॉक्टर म्हणाले गळू आहे, छोटीशी चीर देतो, निचरा झाला की मोकळे, आणि नर्सने ट्रेसुद्धा आणून ठेवला. तेव्हा मामी म्हणाली, "अहो डॉक्टर, पण ह्यांच्या आत तिथेच ते कापड शिवलंय ना?"

डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले आणि चिठ्ठी लिहून दिली, व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, आजच जा. ती चीर दिली असती तर काय झालं असतं ते नंतर सर्जनने सांगितलं आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पुढचे दोन-तीन महिने ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर बसून, विचारून विचारून, रिपोर्ट वाचून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण ऑपरेशनच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं असेलही पण तेव्हा आमचं लक्ष मामा शुद्धीवर येतो का, हात हलवतो का, ह्याच्यावरच होतं.

आधी तो कागद शोधा

पहिलं काम हेच, बाकी सगळं नंतर. डिस्चार्ज कार्डवर बहुतेक वेळा फक्त "लेफ्ट कॅरोटिड एन्डार्टरेक्टॉमी" एवढंच असतं. आपल्याला हवी असते ऑपरेशन नोट, म्हणजे थिएटरमध्ये नेमकं काय केलं त्याचा कागद. त्यात बघायचं की धमनी कशाने बंद केली. ती मिळत नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड डिपार्टमेंटला पेशंटच्या सहीचा अर्ज द्या, आणि हे लवकर करा, कारण जुने कागद कुणी जन्मभर सांभाळून ठेवत नाही. आमच्या बाबतीत पाच वर्षांनी फाइल शोधायला दोन फेऱ्या आणि एक भांडण लागलं.

का बघायचं ते सांगतो. कॅरोटिड धमनी मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक असते. जिथे तिला दोन फाटे फुटतात तिथे चरबीचा आणि कॅल्शियमचा थर साचतो. ऑपरेशनमध्ये धमनी उभी चिरून तो थर आतून सोलून काढतात. आता उभी चीर नुसती शिवून टाकली तर काय होतं, विरलेला शर्ट नुसता शिवला की जसा त्या जागी आखडतो तशी धमनी आवळते, म्हणून तिथे ठिगळ लावतात. पॅच पॅच म्हणतात तो हाच, ठिगळ. हे ठिगळ चार प्रकारचं असू शकतं: पायाची स्वतःची शीर, गाईबैलांच्या हृदयाभोवतीचा पडदा, डेक्रॉन, किंवा पीटीएफई. शेवटचे दोन सिंथेटिक. आणि काही जणांना पॅच असतच नाही, कारण धमनी उभी न चिरता मुळाशी कापून, बाही उलटी करावी तशी उलटून साफ करतात आणि परत जोडतात. म्हणून कागद बघितल्याशिवाय आपल्या माणसाच्या मानेत काय आहे हे गृहीत धरू नका.

डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्या आजोबांच्या टेरिलीनच्या शर्टाचा सख्खा भाऊ. ह्याची गोष्ट भारी आहे. ह्यूस्टनचे सर्जन मायकल डिबेकी १९५० च्या दशकात दुकानात नायलॉन आणायला गेले, नायलॉन संपलं होतं, दुकानदाराकडे डेक्रॉन नावाचं नवीन कापड होतं ते घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. रक्तवाहिन्यांसाठी हे कापड चालतं हे तिथून पुढे आलं. पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन, त्याचा ताणून सच्छिद्र केलेला प्रकार. दोन्ही कापडं शरीरात वर्षानुवर्षं टिकतात, त्यात वाईट काही नाही, उलट पॅच लावल्याने नुसत्या टाक्यांपेक्षा परत ब्लॉकेज होण्याचं प्रमाण कमी होतं. फक्त बाहेरची वस्तू ती बाहेरचीच, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिच्यावर जंतू जाऊन बसले तर शरीराला आणि औषधाला तिथपर्यंत नीट पोचता येत नाही.

कागद मिळाला की फोटो काढून घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पाकिटात एक चिठ्ठी: कुठली बाजू, कुठल्या साली, पॅच कशाचा, कुठल्या गोळ्या चालू. एवढंच.

मान बघायची सवय

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघायच्या. जास्त वेळा नको, नाहीतर माणूस दिवसभर मान चाचपत बसतो. आणि चाचपायची म्हणजे दाबायची नाही, दोन बोटं हलकी ठेवायची बस.

काय शोधायचं? जुन्या व्रणावर किंवा त्याच्या आसपास नवीन फुगवटा, लाली, दुखरेपणा, आणि सगळ्यात फसवं म्हणजे आमच्या मामासारखं बारीक भोक, जिथून अधूनमधून ओलं येतं आणि मग सुकतं. ताप असेलच असं नाही. मामाला एकदाही ताप आला नाही, रक्ताचे रिपोर्ट जवळपास नॉर्मल, म्हणूनच सगळे फसले.

सर्जनने समजावलं ते असं. पॅचला इन्फेक्शन होणं दुर्मिळ आहे, शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतं, पण त्याच्या दोन लाटा असतात. पहिली ऑपरेशननंतरच्या दोन-तीन महिन्यांत, ती बहुतेक ठसठशीत असते, जखम लाल, पू, ताप, कुणाच्याही लक्षात येईल अशी. दुसरी सहा महिन्यांनंतर, कधी कधी कित्येक वर्षांनी, आणि ती चोरपावलांनी येते. त्यातले जंतू बऱ्याचदा आपल्या कातडीवर कायम राहणारे गरीब जातीचे स्टॅफिलोकोकस असतात, ते कापडावर चिकट थर करून त्याच्या आत दडून बसतात, गडबड करत नाहीत, नुसते हळूहळू टाके आणि धमनीची कड पोखरत राहतात. अँटिबायोटिक दिलं की वरची पुळी बसते, आतलं तसंच.

पोखरलेल्या जागी धमनीचं शिवण सुटायला लागलं की रक्त बाहेर येऊन आजूबाजूच्या मांसात पिशवी तयार होते, तिला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. बाहेरून दिसते ती गाठ. हात ठेवला तर नाडीबरोबर ठक ठक उडते. इन्फेक्शन नसतानाही कधी टाका किंवा धमनीची भिंत कमजोर होऊन अशी पिशवी होऊ शकते, पण वर्षांनी झाली तर डॉक्टर इन्फेक्शनचा संशय घेतातच. गाठ मोठी झाली की शेजारच्या नसांवर दाब पडतो, मग आवाज बसतो, गिळायला अडकल्यासारखं होतं.

त्या पिशवीत थेट धमनीचं रक्त असतं, म्हणून नियम एकच लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल: पॅचच्या बाजूला गाठ, पुळी किंवा भोक दिसलं तर त्याला सुई लावायची नाही, चीर द्यायची नाही, पिळायची नाही, लेप नाही, शेक नाही. गाठीतलं पाणी सुईने काढून तपासायचं म्हणून कुणी लॅबची चिठ्ठी दिली तरी आधी "इथे कॅरोटिडचा पॅच आहे" हे वाक्य मोठ्याने बोला. आधी डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन), मग बाकीचं. गळवाला चीर देणं हा एरवी बरोबरच उपचार असतो, त्यामुळे डॉक्टरांवर रागवून उपयोग नाही, त्यांना कापडाचं माहीत नसतं आणि पाच वर्षांनी व्रण सुरकुत्यांमध्ये दिसतसुद्धा नाही.

आणि रक्त आलंच तर. थोडं येऊन आपोआप थांबलं तर हुश्श करू नका, मोठ्या रक्तस्रावाच्या आधी असा छोटा इशारा येऊ शकतो, त्याच दिवशी, त्याच तासात निघायचं. भळभळ येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून नेमकं त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरायचं, थांबलं का बघायला उचलायचं नाही, मानेभोवती पट्टी आवळायची नाही, दुसऱ्याने १०८ लावायचा आणि फोनवरच सांगायचं की मानेच्या धमनीचं ऑपरेशन झालेला पेशंट आहे.

डॉपलरचं वेळापत्रक आणि रिपोर्ट कसा वाचायचा

साधारण पद्धत अशी की पहिली डॉपलर ऑपरेशननंतर महिनाभरात, मग पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, आणि सगळं नीट असेल तर पुढे वर्षातून एकदा. प्रत्येक सर्जनची थोडी वेगळी असते, तुमचे जे सांगतील ते. ती पहिली डॉपलर चुकवू नका, कारण पुढच्या सगळ्या रिपोर्टची तुलना तिच्याशीच होणार आहे.

रिपोर्टमध्ये पीएसव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे हृदयाच्या ठोक्याला रक्त किती जोरात धावतं, सेंटिमीटर प्रति सेकंद. पाइप चिंचोळा झाला की पाण्याची धार जोरात उडते, तेच. ऑपरेशन न झालेल्या धमनीत हा आकडा १२५ च्या पुढे गेला की अर्ध्याहून जास्त ब्लॉकेजचा संशय, २३० च्या पुढे गेला की ७० टक्क्यांहून जास्त. पण पॅचवाल्या धमनीत भिंतीचा ताठरपणा बदललेला असतो, आणि तिथे ब्लॉकेज नसतानाही वेग जास्त येऊ शकतो, म्हणून तिला नेहमीपेक्षा जास्त आकड्याची मर्यादा लावतात. सोनोग्राफीवाल्याला पॅच आहे हे माहीतच नसेल तर तो नेहमीचा तक्ता लावून "५० ते ६९ टक्के" लिहून मोकळा होतो आणि घरात सुतक पडतं. आमच्याकडे पडलं होतं. त्यामुळे टेबलवर झोपायच्या आधी सांगा, जुना रिपोर्ट हातात द्या, आणि शक्यतो दर वर्षी एकाच सेंटरला करा.

अजून एक गोष्ट विचारा, "पॅच सपाट दिसतोय का?" कापडाला सुरकुत्या पडल्यासारखं, लाटा लाटा दिसणं हे उशिराच्या इन्फेक्शनचं आधीचं लक्षण असू शकतं, गाठ यायच्या कितीतरी आधी दिसू शकतं, आणि मुद्दाम बघितलं नाही तर नुसता ब्लॉकेजचा टक्का लिहून रिपोर्ट संपतो. पॅचभोवती पाणी साचलंय का हेही त्याच वेळी.

परत ब्लॉकेज झालं तर घाबरून लगेच ऑपरेशनला पळायचं नसतं. पहिल्या दोन वर्षांतलं ब्लॉकेज बहुतेक वेळा धमनी भरून येताना आतलं अस्तर जाड झाल्यामुळे असतं, ते गुळगुळीत असतं, त्याचे तुकडे सुटून मेंदूत जाण्याची भीती कमी. दोन वर्षांनंतरचं मात्र पुन्हा जुनाच आजार, चरबीचा थर. लक्षणं असतील आणि ब्लॉकेज जास्त असेल तर स्टेंट किंवा पुन्हा ऑपरेशन, लक्षणं नसतील तर बऱ्याचदा गोळ्या आणि लक्ष ठेवणं. आणि दुसऱ्या बाजूची धमनी पण बघून घ्या, आजार एका बाजूचा नसतो.

मेंदूची लक्षणं, बाजू लक्षात ठेवून

मामाची डावी धमनी. म्हणजे त्रास झाला तर उजवा हात, उजवा पाय, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, बोबडं बोलणं किंवा शब्द न सापडणं. डोळा मात्र त्याच बाजूचा, डाव्या डोळ्यापुढे अचानक पडदा पडल्यासारखं होऊन दोन-चार मिनिटांत परत स्वच्छ. दोन-चार मिनिटांत गेलं म्हणून लोक घरी बसतात, तेच नको. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांपर्यंतच देता येतं, म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटललाच न्या.

आवाजाचं, जिभेचं, कानाचं काय? ऑपरेशननंतर लगेच कानाची पाळी बधिर होणं, आवाज घोगरा होणं, ओठाचा कोपरा खाली जाणं, जीभ एका बाजूला वळणं, हे नसांना धक्का लागल्यामुळे होतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. पाळीचा बधिरपणा राहूही शकतो, दाढी करताना कापलं तरी कळत नाही म्हणून मामाने इलेक्ट्रिक रेझर घेतला. पण सगळं सुधारलेलं असताना तीन-चार वर्षांनी नव्याने आवाज बसला तर "घसा आलाय" म्हणून गुळण्या करत बसू नका, डॉपलर करा.

ज्याच्यामुळे खरं नुकसान होतं ते

डिबेकींनी १९५३ साली ज्यांचं कॅरोटिडचं ऑपरेशन केलं ते ५३ वर्षांचे बस ड्रायव्हर होते. पुढे १९ वर्षं जगले, परत स्ट्रोक आला नाही, गेले ते हृदयाच्या आजाराने. आजही ह्या ऑपरेशननंतर माणसं जास्त करून हृदयानेच जातात, पॅचने नाही. म्हणून मान बघताना छाती विसरू नका. रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी, शुगर, ह्यातलं काहीही "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. आणि तंबाखू. सिगारेट सोडून मिसरी लावणाऱ्या, गुटखा खाणाऱ्या लोकांना वाटतं आपण सुटलो. धूर नसला तरी तंबाखू ती तंबाखूच, आणि मामाने ती ऑपरेशननंतर सोडली नव्हती, दुसऱ्या ऑपरेशननंतर सोडली.

बारीकसारीक जे लोक विचारतात. एमआरआय करता येतो का, हो, डेक्रॉन आणि पीटीएफई धातू नाहीत, बारीक क्लिपा लावल्या असतील तर ऑपरेशन नोट दाखवा. विमानतळावर मशीन वाजत नाही. दात काढायचा असेल तर डेंटिस्टला पॅचचं सांगा, अँटिबायोटिक हृदयाच्या कृत्रिम झडपेला लागतं तसं पॅचला सरसकट लागत नाही, पण दातात पू असेल तर टाळाटाळ नको, आणि गोळी बंद करायची का हे सर्जनला विचारल्याशिवाय ठरवू नका. सलूनमध्ये मसाजच्या शेवटी मान धरून कडकन वाजवतात, ते कायमचं बंद. मान पिरगळल्याने चांगली धमनीसुद्धा आतून फाटू शकते, शिवलेली तर सोडाच.

इन्फेक्शन निघालंच तर

मामाचं पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे कुणाच्या घरी ही वेळ आली तर निदान शब्द ओळखीचे असतील. डॉपलर झाली, सीटी अँजिओ झाला, पॅचभोवती पाणी आणि छोटी पिशवी दिसली. कधी कधी पेट स्कॅन पण सांगतात. पू तपासायला दिला तर जंतू लवकर सापडेना, कारण आम्ही आधीच तीन कोर्स घालून बसलो होतो. सर्जन त्यावर वैतागले, माझ्यावर नाही पण माझ्याकडे बघून. लॅबला कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, जास्त दिवस ठेवायला सांगितलं तेव्हा तोच कातडीवरचा जंतू सापडला.

अशा वेळी नुसत्या गोळ्यांनी क्वचितच भागतं. नेहमीचा उपाय म्हणजे सगळा पॅच काढून टाकून त्या जागी मांडीची स्वतःची शीर लावायची, वरून मानेचा स्नायू फिरवून पांघरूण घालायचं, आणि पुढे कित्येक आठवडे अँटिबायोटिक. ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणारच नाही त्यांना कधी आतून कापडी आवरणाचा स्टेंट घालतात, तो तडजोडीचा उपाय. फार वाईट परिस्थितीत धमनी बांधूनच टाकावी लागते, पण ते दुसऱ्या बाजूने मेंदूला रक्त पुरतं का बघूनच. दुसऱ्यांदा मान उघडणं पहिल्यापेक्षा अवघड, सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, नसांना आणि मेंदूला धोका जास्त, त्यामुळे हे काम नेहमी करणाऱ्या व्हॅस्क्युलर सर्जनकडेच करा, तालुक्यावरून शहरात जावं लागलं तरी. विचारायचे प्रश्न: तुम्ही अशा केसेस केल्यात का, शीर कुठून घेणार, ऑपरेशन चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठा कसा राखणार. चांगला सर्जन ह्या प्रश्नांना चिडत नाही.

मामाचा आवाज चार महिने बसलेला होता, फोनवर कोण बोलतंय ओळखू यायचं नाही, मांडीवर एक नवीन लांब रेघ आली, सहा आठवडे सलाइनमधून औषध चाललं आणि घरातली सगळी हॉटपॉटची भांडी हॉस्पिटलच्या फेऱ्यांत हरवली. आता ठीक आहे. व्रणाची जागा बारा महिने कोरडी आहे. पुढची डॉपलर दिवाळी झाली की लगेच, मामीने कालनिर्णयवर त्या तारखेला लाल पेनाने गोल केलाय आणि खाली लिहिलंय, "मान. जुना रिपोर्ट नेणे."